पैरगावचे मासे : ज्ञानोदयकाळातील पत्रव्यवहारासंबंधी काही आत्मपर नोंदी

पदव्युत्तर वर्गाला 'पत्रवाङ्मय' हा घटक शिकविताना मी अनेक वर्षे एकच व्याख्या सांगत आलो. पत्र म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला उद्देशून केलेले, मूलतः खासगी स्वरूपाचे लेखन. लिहिणारा कोण आणि ज्याला लिहिले तो कोण, हे त्यात निश्चित असते. आणि त्या दोघांच्या नात्याचा रंग मायन्यापासून समाप्तीपर्यंत उतरलेला असतो. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' येथून सुरुवात करून 'बहुत काय लिहिणे, लोभ असावा' येथपर्यंतची वाट मी विद्यार्थ्यांना दाखवीत असे. मेस्तकांतील लेखनपद्धती, पेशवेकालीन पत्रे, राजवाडे आणि वासुदेवशास्त्री खरे यांचे संपादनकार्य, आणि मग आधुनिक साहित्यिकांचा पत्रव्यवहार, असा तो नेटका क्रम होता. तो क्रम अजूनही चुकीचा आहे असे मला वाटत नाही. परंतु ती व्याख्या अपुरी होती, आणि तिच्या अपुरेपणाची किंमत माझ्याऐवजी माझ्या एका विद्यार्थिनीला मोजावी लागली. हे लेखन त्या निमित्ताने आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रीगोंदे तालुक्यातील भीमाकाठच्या एका गावाहून येणारी, भोई समाजातील एक मुलगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. लघुप्रबंधाचा विषय ठरविण्यासाठी ती आली तेव्हा तिच्या हातात शाळेची एक चाळीसपानी वही होती. तीत तिने आजोबांकडून ऐकलेली माशांची नावे उतरविली होती. प्रत्येक नावापुढे तो मासा केव्हा मिळतो, कोणत्या जाळ्यात येतो, त्याला हे नाव का पडले, असे दोन-तीन ओळींत लिहिले होते. "सर, याच्यावर लिहिलं तर चालेल का?" असे तिने विचारले. मी वही चाळली, अक्षर चांगले आहे असे म्हणालो, आणि हा विषय प्राणिशास्त्र विभागाचा आहे, फार तर भाषाशास्त्राचा, साहित्याचा नव्हे, असे तिला समजावून सांगितले. तिने वाद घातला नाही. ग्रामीण कादंबरीवर एक सरधोपट प्रबंधिका लिहून ती चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली. वही तिने परत नेली. त्या वहीत काय होते हे मला नीट कळण्यास बरीच वर्षे जावी लागली, आणि ते कळले ते युरोपच्या आडवाटेने.

एका चर्चासत्राच्या निमित्ताने अठराव्या शतकातील युरोपीय पत्रव्यवहाराविषयी वाचन करण्याची वेळ आली. ज्या कालखंडाला इंग्रजी अभ्यासक 'एन्लाइटनमेंट' म्हणतात त्याला आपण कधी 'प्रबोधन' म्हणतो, कधी 'ज्ञानोदय'. यांपैकी दुसरा शब्द आमच्या जिल्ह्याला परका नाही. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरहूनच सुरू झाले. पण त्या शब्दामागचा मूळ व्यवहार कसा चालत असे, याची मला फारशी कल्पना नव्हती. ज्ञानोदय म्हणजे मोठे ग्रंथ आणि मोठे तत्त्वज्ञ, अशी माझी समजूत होती. वाचू लागल्यावर ध्यानात आले की, त्या काळातील निसर्गविज्ञान मुख्यतः टपालावर जगत होते.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हे नियतकालिक काढले. त्याचा मोठा आधार म्हणजे त्यांच्याकडे देशोदेशींहून येणारी पत्रे. पत्र यावे, ते सभेत वाचले जावे, त्यावर चर्चा व्हावी, आणि मग ते किंवा त्याचा सारांश छापला जावा, अशी ती पद्धती. परदेशांशी चालणाऱ्या पत्रव्यवहारामुळेच संशय येऊन १६६७ मध्ये ओल्डेनबर्ग यांना काही काळ लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहावे लागले होते. आज आपण ज्याला शोधनिबंध म्हणतो, आणि ज्याच्यासाठी प्रस्तुत नियतकालिकासारखी नियतकालिके चालतात, त्याचा पूर्वज पत्र आहे. निबंधाच्या आरंभी पूर्वसूरींचा उल्लेख करणे, आपण काय पाहिले ते क्रमाने सांगणे, शेवटी पुढील शोधाची अपेक्षा व्यक्त करणे, या सवयींत पत्राची चाल अजून ओळखू येते.

या पत्रलेखकांत मला सर्वांत जवळचा वाटला तो अँटनी फान लेव्हेनहूक. डेल्फ्ट गावचा हा कापडव्यापारी (१६३२–१७२३). त्याला लॅटिन येत नव्हते. स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबातील सूक्ष्म जीव पाहून तो जे लिही, ते आपल्या मातृभाषेत, म्हणजे डच भाषेत. १६७३ पासून मृत्यूपर्यंत त्याने रॉयल सोसायटीला सुमारे १९० पत्रे पाठविली. ती लंडनमध्ये भाषांतरित होत. विद्वानांची भाषा येत नाही म्हणून त्याचे निरीक्षण कोणी नाकारले नाही. भाषांतर करण्याचे ओझे वाचणाऱ्यांनी उचलले. मराठीच्या वर्गात उभे राहून 'हा विषय आपला नव्हे' असे सांगणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना अवघडल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे.

पत्र हेच ग्रंथाचे रूप झाल्याचे उदाहरण म्हणजे गिल्बर्ट व्हाइट यांचा सेलबोर्नच्या निसर्गेतिहासावरील ग्रंथ (१७८९). टॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन अभ्यासकांना उद्देशून असलेली ती पत्रे आहेत. एका लहानशा खेड्याच्या परिसरात कोणता पक्षी केव्हा येतो, केव्हा जातो, एवढाच त्यांचा विषय. आणि इंग्रजी गद्यवाङ्मयात त्या ग्रंथाचे स्थान पक्के आहे. तो प्राणिशास्त्राचा की साहित्याचा, असा प्रश्न तेथे कोणी कोणाला विचारीत नाही.

या पत्रव्यवहाराची एक रीत माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या जाळ्यातील अभ्यासक एकमेकांच्या उपकारांची फेड पुष्कळदा नावांनी करीत. कार्ल लिनेयस यांनी १७५३ मध्ये वनस्पतींसाठी आणि १७५८ मध्ये प्राण्यांसाठी द्विनाम पद्धती रूढ केल्यावर तर नाव हे एक प्रकारचे मानपत्रच बनले. आपल्या अंगणातील अनंताचे उदाहरण घ्यावे. त्याच्या कुळाचे शास्त्रीय नाव 'गार्डेनिया'. अमेरिकेतील चार्ल्सटनचे एक वैद्य अलेक्झांडर गार्डन हे लिनेयस यांना पत्रे आणि नमुने पाठवीत. लंडनच्या जॉन एलिस यांनी आग्रह धरला आणि लिनेयस यांनी काहीशा नाखुशीने गार्डन यांचे नाव या झाडाला दिले. गार्डन यांचा त्या झाडाशी काही संबंध नव्हता. ते या पत्रव्यवहाराच्या मंडळात होते, एवढे पुरेसे होते. सारांश, शास्त्रीय नामावली ही त्या काळातील पत्रव्यवहाराची एक यादीही आहे. कोण कोणाला लिहीत होते, कोण कोणाचे ऋण मानीत होते, हे तीत वाचता येते.

मग साहजिकच प्रश्न पडतो की, या मंडळात आपल्या बाजूचे कोणी होते काय?

होते, आणि ते आपण समजतो त्याहून आधीपासून होते. कोचीनचे डच अधिकारी हेन्ड्रिक फान रेडे यांच्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमहून निघाला. त्या खंडाच्या आरंभी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांचे १६७५ सालचे एक पत्र आहे. ते कोकणी भाषेत, नागरी लिपीत आहे, आणि त्या लिपीतच ते कोरून छापलेले आहे. आपण हे काम कसे केले, वनस्पती कशा मिळविल्या, आपल्या निघंटूच्या आधारे त्यांचे गुण कसे सांगितले, याची साक्ष देणारे ते पत्र. मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांचेही असेच पत्र त्यात आहे. पुढे लिनेयस यांना मलबारच्या वनस्पतींची ओळख झाली ती बव्हंशी याच ग्रंथातून. म्हणजे युरोपीय वनस्पतिशास्त्राच्या एका पायाभूत ग्रंथाच्या दारातच नागरी लिपीतील एक पत्र उभे आहे, लिहिणाऱ्यांच्या नावांनिशी.

दुसरे उदाहरण पुण्याचे. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हा सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पुण्यात होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे १७९० मधील एक चित्र आज अमेरिकेतील येल येथील संग्रहात आहे; ते गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराचे. वेरूळच्या लेण्यांविषयी मॅलेटने सर जॉन शोर यांना लिहिलेले पत्र 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यासाठीही तांबटांच्या चित्रांचा उपयोग झाला होता. तांबटांनी स्वतः काही लिहिले नाही, तरी चित्रांमुळे त्यांचे नाव राहिले.

तिसरे उदाहरण तंजावरचे, आणि ते मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना सर्वांत जवळचे. दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) हे श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली शिकले. तरंगंबाडीच्या ज्या मिशनऱ्यांच्या मंडळातून युरोपात वनस्पतींचे आणि शंखशिंपल्यांचे नमुने जात, त्या मंडळाशी त्यांचा संबंध होता. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला गेले, तेव्हा हा मराठा राजा लिनेयस, ब्यूफाँ आणि लाव्हाझिए यांचे दाखले देतो, याचे त्यांना आश्चर्य वाटले. आणि याच राजाने 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाट्यकृतीत जगाचा भूगोल गुंफला. बृहदीश्वराच्या भिंतीवरील भोसले वंशाचा मराठी शिलालेख आपण अभ्यासक्रमात घेतो. परंतु ज्ञानोदयाचा मराठीतील हा अवतार आपण क्वचितच घेतो.

या तिन्ही ठिकाणी आपल्या माणसाचे नाव सापडते. वैद्यांना लिहिता येत होते, चित्रकाराला रेखाटता येत होते, राजाकडे तर सर्वच साधने होती. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, त्यांचे काय झाले असेल, या प्रश्नापाशी येऊन मी थांबलो. त्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच जिल्ह्यात मिळाले.

विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हे मुंबई सरकारच्या लष्करातील अधिकारी. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमले. पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षे झाली होती, आणि नव्या राज्यकर्त्यांना मुलूख मोजून घ्यायचा होता. १८३१ मध्ये स्वदेशी परतेपर्यंत साइक्स यांनी या प्रदेशात काय टिपले नाही, हेच विचारावे. गावोगावच्या जमीनधारणेचे हक्क, थळकरी आणि गतकुळे, हवेचा दाब आणि पाऊस, खडकांचे थर, पक्षी, सस्तन प्राणी, मासे. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांचा त्यांचा सांख्यिकी अहवाल १८३७ मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे आला. ज्ञानोदयाचा काळ तोवर सरला होता असे इतिहासकार म्हणतील. पण साइक्स यांची रीत मात्र त्याच परंपरेतील. दूरच्या मुलखात निरीक्षण करावे, ते विद्वत्सभेकडे पाठवावे किंवा तेथे वाचावे, आणि मंडळातील स्नेह्यांचे ऋण नावांनी फेडावे.

त्यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र सभेच्या कार्यवृत्तात १८३९ मध्ये आणि विस्ताराने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीसहून अधिक माशांची ती यादी मी प्रथम पाहिली तेव्हा ती परकी वाटली. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा मी उठून बसलो. खुद्री, मसुल्ला, कोलस, पोटेल, बोगट, मुल्या, नुक्ता, शिंघाला, शिंगटी, गोग्रा, इचकिया, ताकरी, कुर्पा. लॅटिनच्या अंगरख्यात ही सारी आमच्या नदीची नावे होती. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीतील सगळी नावे मला आठवत नव्हती. पण 'शिंगटी' आठवत होती.

साइक्स यांचे शुद्धलेखन समजून घेतल्यावर ही यादी आणखी बोलू लागते. त्या काळच्या इंग्रजांच्या रीतीप्रमाणे ते ऱ्हस्व 'अ'साठी 'यू' हे अक्षर वापरतात, 'उ'साठी जोड 'ओ' आणि 'ई'साठी जोड 'ई'. दख्खन हा शब्दही ते 'डी-यू-के-एच-यू-एन' असा लिहितात. हा नियम लावला की 'नुक्ता' हा 'नक्टा' होतो, म्हणजे 'नकटा'; आणि ज्या माशाच्या तोंडावर खोल खाच पडून नाक बसल्यासारखे दिसते, त्याला हे नाव का मिळाले ते उलगडते. आज त्या माशाचे शास्त्रीय नाव 'शिस्मॅटोरिंकॉस नुक्ता' असे आहे. पहिला शब्द 'दुभंगलेले मुस्कट' अशा अर्थाचा ग्रीक घाट आहे. म्हणजे ग्रीक जाणणाऱ्या विद्वानाने जे नंतर सांगितले, ते मासे धरणाऱ्याने एका शब्दात आधीच सांगितले होते.

येथे अभ्यासकाला मोहही पडतो. यादीतील एका माशाचे नाव 'अलकुटी' आहे. पारनेर तालुक्यात अळकुटी हे प्रसिद्ध गाव आहे. काही दिवस मी आनंदात होतो की, गावाचे नाव माशाला लागले. पण नादसाम्य हा पुरावा नव्हे, हे आपण व्युत्पत्तीच्या तासाला विद्यार्थ्यांना बजावतो. तो आनंद मी सोडून दिला. 'पैरगाव'च्या बाबतीत मात्र थोडा आधार आहे. काही माशांच्या प्राप्तिस्थानी साइक्स 'भीमा नदी, पैरगाव' अशी नोंद देतात. ग्रँट डफ यांनी आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) बहादूरगडाच्या गावाचे नाव याच उच्चाराने लिहिले आहे. ते गाव म्हणजे श्रीगोंदे तालुक्यातील पेडगाव. म्हणून साइक्स यांचे पैरगाव हे पेडगाव असावे, असे मी मानतो. 'मसुल्ला' मासा तर त्यांनी शिरूरजवळ घोड नदीतून नोंदविला. त्या नदीचा पलीकडचा काठ आमच्या जिल्ह्याचा.

आता या यादीतील दुसऱ्या प्रकारची नावे पाहावीत. एका माशाला व्हिगर्स यांचे नाव आहे, एकाला ओगिल्बी यांचे, एकाला यारेल यांचे, एकाला चिल्ड्रेन यांचे. वाम जातीच्या एका माशाला तर खुद्द एल्फिन्स्टन यांचे. व्हिगर्स हे प्राणिशास्त्र सभेचे पहिले सचिव. ओगिल्बीही पुढे सचिव झाले. ही लंडनमधील मंडळातील माणसे. म्हणजे या एका यादीत दोन प्रकारचे ऋणनिर्देश शेजारी शेजारी आहेत. लंडनच्या स्नेह्यांचा निर्देश त्यांच्या नावाने झाला, आणि भीमेच्या भोयांचा निर्देश त्यांच्या शब्दाने. 'रोहटी ओगिल्बी' या नावात तर दोघे एकत्र आले आहेत. कुळाचे नाव येथील बोलीतले आणि जातीचे नाव लंडनच्या गृहस्थाचे. ते नाव आजही शास्त्रात चालू आहे. ओगिल्बी कोण होते हे कोशात सापडते. 'रोहटी' हा शब्द साइक्स यांच्या कानावर ज्याने घातला, तो कोण होता हे सापडत नाही.

ही केवळ उच्चारांची उसनवारी होती, त्यात ज्ञान नव्हते, असा आक्षेप येऊ शकतो. मला तो मान्य नाही. 'शिंघाला' आणि 'शिंगटी' ही जोडी पाहावी. दोन्ही नावे शिंगावरून आली असावीत. अंगावरचा ताठ, बोचरा काटा हे ते शिंग. नावे देणाऱ्यांनी हे दोन मासे एका खुणेने जवळ आणले होते. साइक्स यांनी तत्कालीन ग्रंथांच्या आधारे त्यांना 'प्लॅटिस्टोमा' आणि 'पिमेलोडस' अशा दोन निराळ्या प्रजातींत घातले. आज शास्त्र त्यांना 'स्पेराटा शिंघाला' आणि 'मिस्टस शिंगटी' म्हणते, आणि 'बॅग्रिडी' या एकाच कुलात ठेवते. लोकांचे वर्गीकरण नेहमीच असे बरोबर ठरते असा दावा मी करणार नाही. पण नाव हे येथे निरीक्षणाचा निष्कर्ष आहे, एवढे यावरून दिसते.

हा धागा पुढेही तुटलेला नाही. १९५२ मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी महाराष्ट्रातील नदीतील एका माशाचे वर्णन केले आणि त्याला 'निओट्रोपियस खवलचोर' असे नाव दिले. हा मासा इतर माशांचे खवले ओरबाडून खातो. इतका नेमका सामासिक शब्द कोणत्याही परिभाषा समितीने घडविलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साइक्स हे सत्तेचे नोकर होते. ज्या हाताने माशांची नावे टिपली, त्याच हाताने गावांचे उत्पन्नही टिपले. हे खरे आहे, आणि ते विसरून चालणार नाही. त्यांनी पक्ष्यांना दिलेली काही नावे पाहिली की हा फरक स्पष्ट होतो. एका घारीला 'गोविंद', एका वटवट्याला 'राम', एका चंडोलाला 'देव' अशी नावे त्यांनी १८३२ मध्ये दिली. तेथे आपल्या देवांची नावे एका परक्या माणसाने कौतुकाने वापरली आहेत. त्यात कोणाचे निरीक्षण नाही. माशांची नावे मात्र त्यांनी ऐकली. ऐकणे आणि वापरणे यांतील हे अंतर एकाच लेखकाच्या दोन निबंधांत दिसते. म्हणून सगळ्याच व्यवहाराला लूट म्हणून मोकळे होणे किंवा सगळ्यालाच गुणग्राहकता म्हणून हार घालणे, हे दोन्ही मला अपुरे वाटते. प्रश्न आपल्यापुढे आहे. परक्या अधिकाऱ्याने जे ऐकून घेतले, ते मराठीच्या प्राध्यापकाने ऐकून घेतले नाही. माझ्यापुढे तर ते लिहून आणलेले होते.

यामुळे माझ्या व्याख्येचे काय होते? पत्राला लिहिणारा हवा, हे आपण गृहीत धरतो. परंतु ज्ञानोदयकाळातील या पत्रव्यवहाराकडे पाहता असे दिसते की, पत्राच्या मजकुरात सही करणाऱ्याखेरीज आणखी माणसे असतात. सांगणारा एक, टिपणारा दुसरा, चित्र काढणारा तिसरा, वाचून दाखविणारा चौथा. पेशवेकालीन पत्रांतही हे नवे नाही. मजकूर सांगणारा, लेखक आणि शिक्का करणारा हे तिघे निराळे असू शकतात, हे आपण जाणतोच. तीच दृष्टी साइक्स यांच्या यादीला लावली, तर तो निबंध भीमा, घोड आणि मुळा-मुठा यांच्या काठच्या माणसांनी एका मध्यस्थाकरवी लंडनला धाडलेले पत्र म्हणूनही वाचता येतो. मायना नाही, सही नाही, पण मजकूर त्यांचा आहे.

हे सारे जुळल्यावर मी ती यादी नागरीत उतरवून पेडगावला गेलो. बहादूरगडाची पडकी तटबंदी आणि जुनी देवळे पाहून खाली नदीवर उतरलो. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाल्यापासून भीमेची या भागातील रीतच बदलली आहे. वर वाढलेल्या शहरांचे सांडपाणीही तिच्यातूनच येते. काठावर जाळी दुरुस्त करीत बसलेल्या दोघांना मी यादी वाचून दाखविली. त्यांनी शांतपणे ऐकली. काही नावांना मान डोलावली, काहींना हसले, बऱ्याच नावांना "म्हाताऱ्यांना ठाऊक असंल" असे म्हणाले. "आता सगळी चिलापीच," एक जण म्हणाला. चिलापी म्हणजे टिलापिया, बाहेरून आलेला मासा. शब्द मात्र त्यांनी आपला करून घेतला आहे.

परत आल्यावर मी त्या विद्यार्थिनीचा पत्ता मिळविला. ती आता दुसऱ्या तालुक्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकविते. मी तिला रीतसर पत्र लिहिले. साइक्स यांची यादी जोडली, आणि त्या दिवशी मी तुला चुकीचे सांगितले, असेही लिहिले. हे शेवटचे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. उत्तर पत्राने आले नाही, फोन आला. माझी क्षमायाचना तिने बाजूला सारली. "सर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत," एवढेच म्हणाली. आजोबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. वही घर बदलताना कोठे गेली ते सांगता येत नव्हते. तिने आठवून आठवून अकरा नावे सांगितली. त्यांतली चार साइक्स यांच्या यादीत होती, सात नव्हती. ती सात मी लिहून घेतली, आणि प्रत्येकापुढे ती जे सांगत होती तेही. दोन नावांपाशी ती अडली. नाव आठवत होते, पण ते कशावरून पडले ते आठवत नव्हते. "ते वहीत होतं," ती म्हणाली.

अहमदनगर जिल्हा २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झाला. नाव बदलण्यावर आपण किती बोलतो, किती लिहितो, ते सर्वांनी पाहिले आहे. नावे नाहीशी होतात त्यावर तेवढे बोलले जात नाही, कारण तो निर्णय कोणी घेतलेला नसतो. तो एखाद्या विभागातल्या खोलीत, एखादी वही परत करताना, सहज होऊन जातो. महाविद्यालयांतून शिकविणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे की, विद्यार्थी असा विषय घेऊन आला तर त्याला दुसऱ्या विभागाचे दार दाखविण्यापूर्वी वही वाचून पाहावी. जाळ्यांची नावे, आवतांचे भाग, गवतांची नावे, मेंढ्यांच्या रंगांची नावे, यांपैकी काहीही त्या वहीत असू शकेल. ते साहित्य आहे की नाही हे नंतर ठरविता येते. आधी ते उतरवून ठेवावे लागते, सांगणाऱ्याच्या नावानिशी.

पत्रवाङ्मयाच्या पहिल्या तासाला मी आता 'हॉर्टस मलबारिकस'मधील तीन वैद्यांच्या पत्राची प्रत वर्गात फिरवितो आणि नंतर साइक्स यांची यादी फळ्यावर लिहितो. यंदा दोन विद्यार्थ्यांनी भीमा आणि घोड या नद्यांवरील नावे गोळा करण्याचा विषय घेतला आहे. त्यांची गाठ मी तिच्याशी घालून दिली. तिने त्यांना सांगितले की, उन्हाळ्यात येऊ नका, नदीत काही नसते; पहिल्या पावसानंतर या, तेव्हा चढणीचे मासे येतात आणि म्हातारी माणसेही नदीवर येतात.